घानाचे थोर लोक आणि आमची अक्का

आमच्या घरात भिंतीवर जागा मिळवायची तर आधी मरावं लागे. जिवंतपणी माणसानं कितीही पराक्रम गाजवला तरी त्याचा फोटो पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या साड्यांखाली, डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडून राही. तो गेला की मग त्याचा भाव वधारे. फ्रेमवाल्याकडे वर्दी जाई आणि तेराव्याच्या आत लाकडी चौकट, काच, वर चंदनाच्या भुशाचा हार अशा थाटात तो बैठकीच्या भिंतीवर येऊन बसे. देव देवघरात, पुढारी कॅलेंडरवर आणि भिंतीवर फक्त आमचे गेलेले, अशी सरळ वाटणी होती. त्यामुळे लहानपणी मला फोटो काढून घ्यायची भयंकर भीती वाटे. शाळेत वर्गाचा फोटो काढायचा होता त्या दिवशी मी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले होते. आज माझी नात दिवसभरात स्वतःचे इतके फोटो काढते की मी नजर दुसरीकडे वळवते, पण तिला काय सांगणार.

घर जळगावात, मेहरूणला, तलावाच्या अलीकडे. नाना, म्हणजे माझे वडील, कोर्टात कारकून. गिरणाकाठचं गाव सोडून शहरात आल्यापासून त्यांनी अहिराणी बोलणं टाकलं होतं आणि आम्हा दोघी बहिणींनाही शुद्ध बोलायची सक्ती केली होती. आईनं निम्मं टाकलं, निम्मं ठेवलं. अक्कानं मात्र काहीच टाकलं नाही. अक्का नानांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत कुंकू पुसलं गेलं, ती माहेरी आली आणि भावाबरोबर शहरातही आली. गावाकडून सकाळच्या पहिल्या एसटीच्या टपावर वांग्यांची पोती येत. अक्का स्टँडवर जाऊन ती उतरवून घेई आणि भाजीबाजारात आपल्या ठरलेल्या जागी, काळ्या छत्रीखाली, मांडून बसे. हिरवी, पांढुरकी, हातात मावणार नाहीत अशी भरिताची वांगी. तिचा आवाज इतका खणखणीत की पलीकडच्या सराफ गल्लीतले लोक म्हणत, अक्का ओरडली, आता दुकान उघडा. दुपारी ती घरी येई तेव्हा तिच्या पदराला मेथीचा आणि ओल्या गोणपाटाचा वास असे, आणि बाजारातली सगळी भांडणं ती दोन्ही बाजूंच्या आवाजात आम्हाला करून दाखवी. आमच्या घरावरची खोली तिच्या वांग्यांवर उभी राहिली होती, पण ते कोणी बोलायचं नाही.

त्या वर्षी ताईचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं, लग्न जमवायचं होतं. धुळ्याचं एक स्थळ चालून आलं. भांड्यांचं दुकान, मुलगा शिकलेला, घर मोठं. दिवाळीनंतर बघायला येतो असा निरोप होता. नाना त्या दिवशी जेवता जेवता, ताटातून डोळे वर न करता म्हणाले, "अक्का, पाहुणे यायच्या आत तू बाजार बंद कर. मुलीची आत्या रस्त्यावर वांगी विकते म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

आई वाढायची थांबली. अक्कानं घास खाली ठेवला. "बजार बंद कया तर मी काय करू, नाना? भीतवर चढी बसू का?"

नानांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. अक्कानंही विषय तिथेच सोडला, कारण राहणं भावाच्या घरात होतं. दिवाळीपर्यंत मुदत होती. त्या मुदतीतच आमच्या वरच्या खोलीत आफ्रिकेतला घाना देश राहायला आला.

शहरातल्या पाइपांच्या कारखान्यात ठिबक सिंचन शिकायला परदेशी माणसं यायला लागली होती. त्यातल्या एकाला खोली हवी होती. नानांना वाटलं होतं की गोरा साहेब येईल. रिक्षातून उतरला तो दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच, हसरा, काळाभोर जवान. गल्लीतली पोरं रिक्षामागे धावत आली होती. नाना स्वागताचं इंग्रजी वाक्य पाठ करून उभे होते ते विसरले. अक्का बाजारातून नुकतीच आली होती. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि आईला म्हणाली, "आपला गावना सोमाभाऊसारखाच शे. फक्त उच्ची जास्ती. एवढा माणूसले भाकरी कोन करी वं?"

दहावीच्या इंग्रजीवर मी त्या घराची दुभाषी झाले. त्याचं नाव क्वाकू. हे कसलं नाव, म्हणून अक्कानं विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडे मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं, मी बुधवारचा. मी हे अक्काला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून हसली. आमच्या गावात सोमा, मंगा, बुधा, शुक्रा असे आजोबा दर आळीला होते. "मंग बुधाच म्हन ना सरळ," ती म्हणाली, आणि क्वाकू त्या क्षणापासून बुधाभाऊ झाला. मग आम्हा सगळ्यांनाच घानाची नावं हवी झाली. अक्काला आपला वार ठाऊक नव्हता, पण गावच्या बाजाराच्या दिवशी जन्मले असं माय सांगायची, आणि गावचा बाजार शुक्रवारचा, म्हणून ती अफुआ ठरली. नानांची पाळी आली तेव्हा बुधाभाऊनं विचारलं, यांना सगळे नाना का म्हणतात? त्याच्याकडे म्हणे राजाला आणि मोठ्या मानकऱ्याला नाना म्हणतात. एवढं बोलून तो नानांपुढे कमरेत वाकला. नाना त्यानंतर कित्येक दिवस कोर्टात जाताना जरा सावकाश चालत.

अक्कानं त्याची परीक्षा घ्यायची ठरवली होती, पण तो पहिल्याच जेवणात पास झाला. डावा हात त्यानं पुढेच केला नाही. पाणी पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडले आणि म्हणाला, हे आमच्या आधी गेलेल्यांसाठी. नानांची चित्राहुतीची बोटं ताटाभोवती तशीच थांबली होती. मिरचीचा ठेचा त्याच्या पानात आईनं भीत भीत कणभर वाढला. त्यानं तो चाटला, डोळे मिटले, आणि वाटीच मागितली. पुढच्या रविवारी त्यानं स्वयंपाकघराचा ताबा घेतला. कच्ची केळी चिरून त्यांना आलं, मिरची आणि मीठ चोळून तेलात तळली. केळ्याच्या जिल्ह्यात जन्म जाऊनही आम्हाला हे सुचलं नव्हतं, याचं आईला इतकं वाईट वाटलं की तिनं त्या आठवड्यात शेजारपाजारच्या सगळ्यांना ती तळून खाऊ घातली. घरभर तेलाचा आणि आल्याचा वास, वरून त्याच्या टेपरेकॉर्डरवर तुताऱ्या आणि गिटारी, आणि खाली अक्का पाट्यावर वाटताना त्याच ठेक्यावर डोलतेय, असं आमचं घर मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. घर जणू एक खोली जास्तीचं झालं होतं.

आता फोटोंकडे येते. बुधाभाऊनं येताना मासिकांतली कात्रणं आणली होती. आपल्या देशातले मोठे लोक समोर असावेत, एवढ्या लांब एकटं वाटू नये, असा त्याचा साधा विचार. पण वरच्या भिंतीला ओल येत होती, म्हणून त्यानं ती सगळी गावातल्या फ्रेमवाल्याकडून मढवून आणली. फ्रेमवाला आमच्या ओळखीचा. त्यानं आमच्या आजोबांना घातली होती तशीच चौकट, तशीच काच, वर हाराला खिळा, सगळं तसंच करून दिलं. कमरेला पट्टा बांधलेला मुष्टियोद्धा. परदेशी संघात खेळणारा, केस हवेत उडालेला फुटबॉलवाला. पांढरा टोप घातलेली न्यायाधीश बाई. तुतारी फुंकताना गाल फुगलेला गवई. विमानाच्या पंख्याला टेकून उभी असलेली वैमानिक मुलगी. जगाच्या मोठ्या कचेरीत बसणारा, सुटातला एक शांत गृहस्थ. आईबाप घानातून विलायतेला गेले म्हणून तिकडेच जन्मलेला एक नाटकवाला. आणि मधोमध, एका खांद्यावर रंगीत उपरणं घेतलेला, देश स्वतंत्र करणारा पुढारी. पलंगाच्या उशाशी, न मढवता, नुसत्या टाचणीनं लावलेला अजून एक छोटा फोटो होता. छत्रीखाली बसलेली एक जाडजूड बाई. त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

सर्वपित्री अमावस्येला अक्का खीर, वडे, कढी, गवाराची भाजी असं सगळं करून मोकळी झाली, खालच्या भिंतीवरच्या आमच्या माणसांना झेंडूचे हार घातले, आणि मग तिच्या मनात आलं की वर तो बिचारा परक्या मुलखात आहे, त्याच्या पितरांना कोण घालणार? बुधाभाऊ कारखान्यात गेला होता. आईनं उरलेले हार उचलले, मी नैवेद्याचं ताट घेतलं आणि आमची वरात वर निघाली. "बठ्ठास्ले घाला," अक्का म्हणाली, "एक बी सुटाले नको." मुष्टियोद्ध्याला हार गेला, गवयाला गेला, न्यायाधीश बाईला हळदकुंकूही लागलं, कारण ती सवाष्ण गेली की कशी हे माहीत नव्हतं आणि अक्काला धोका पत्करायचा नव्हता. उशाशी खिळा नव्हता, म्हणून ती छत्रीवाली तेवढी सुटली. मग खिडकीत ताट ठेवून आम्ही कावळ्याची वाट पाहत बसलो. कावळा लगेच आला. "पाहा, किती भुकेले होते," आई डोळे पुसत म्हणाली.

बुधाभाऊ आला, दारात उभा राहिला, आणि त्यानं तोंडावर हात धरला. मला वाटलं गहिवरला. मग तो मटकन जिन्यात बसला आणि पोट धरून हसू लागला. हसता हसता त्यानं बोट दाखवलं. हा जिवंत आहे. हीसुद्धा जिवंत आहे. याचा तर येत्या रविवारी सामना आहे. हा मुष्टियोद्धा इथे आला आणि त्यानं हे पाहिलं तर आपल्यापैकी कोणी उभं राहणार नाही. फक्त मधला तो पुढारी गेलेला, त्याचा हार राहू दे. मी भाषांतर केलं तशी अक्काच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. जिवंत माणसाला हार घालणं म्हणजे त्याच्या आयुष्यावर हात टाकणं. ती स्टुलावर चढली आणि एकेकाचा हार उतरवून, कान धरून, प्रत्येकाची वेगवेगळी माफी मागत गेली. न्यायाधीश बाईपुढे ती जरा जास्त वेळ उभी राहिली. खाली येताना बुधाभाऊनं उशाकडच्या त्या छोट्या फोटोला हलकेच बोट लावून पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकला. ते मी पाहिलं, पण मला हसण्यातून सवड नव्हती.

त्यानंतर रोज संध्याकाळी एकेका फोटोची गोष्ट होऊ लागली. तो सांगे, मी सांगे, आणि अक्का भाजी निवडता निवडता ऐके. मुष्टियोद्धा गरिबीतून कसा वर आला, वैमानिक मुलीला पहिल्यांदा विमान दिलं तेव्हा पुरुष कसे पळाले. या सगळ्यांचं बुधाभाऊशी काय नातं, हे कोणी विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात? चौकटीत, काचेमागे, भिंतीवर लोक लावतात ते आपल्याच घरचे. नात्यांची वाटणी नानांनी आपल्या मनानं करून टाकली. मुष्टियोद्धा मामा, कारण मामाच पिळदार असतो. न्यायाधीश बाई आत्या. सुटातले गृहस्थ थोरले काका. कोर्टात नाना वकिलांना सांगू लागले की आमच्या माडीवर राहतात त्यांच्या एकाच घरात इतके थोर लोक निपजले की विचारू नका. वकील आश्चर्य करत. नाना मनातल्या मनात धुळ्याच्या पाहुण्यांपुढे हे कसं मांडायचं याची उजळणी करत.

दिवाळी झाली आणि अक्काचा बाजार सुटला. तिनं कटकट केली नाही. छत्री पुसून, दोरीनं बांधून, माळ्यावर टाकली. वांगी आता गावाकडून परस्पर आडत्याकडे जाऊ लागली. सकाळी सवयीनं ती पहाटेच उठे, आणि मग करायला काही नसल्यानं भिंतीला पाठ लावून बसे, बरोबर आमच्या आजोबांच्या फोटोखाली. भांडणं करून दाखवायला नवी भांडणंच नव्हती. तिचा आवाजही लहान झाला. बुधाभाऊनं एकदा विचारलं, "अक्का, बजार?" तोवर त्याला आमच्यापेक्षा चांगली अहिराणी येऊ लागली होती, कारण त्याची शिकवणी अक्काची होती. अक्का म्हणाली, "बंद." "कोनी कया?" तिनं आकाशाकडे बोट केलं. तो त्या बोटाच्या रेषेत पाहत राहिला आणि नंतर खाली, वर्तमानपत्र वाचणाऱ्या नानांकडे. मला अक्काचं ते बसणं बघवेना. ती दिवसभर घरातच होती, आणि तरी घर रिकामं वाटत होतं.

धुळेकर आले ते चंपाषष्ठी उलटल्यावर, भरिताच्या ऐन हंगामात. मुलगा, मुलाची आई आणि मुलाचे आजोबा. आजोबांना सगळे आबा म्हणत. पांढरं धोतर, टोपी, आणि बोलणं असं की धुळ्याहूनच ऐकू यावं. नानांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. बाजाराचं नाव काढायचं नाही, अक्कानं स्वयंपाकघरात राहायचं, बुधाभाऊनं सूट घालायचा. सुटाचं तेवढं जमलं नाही, कारण पाहुणे तासभर आधीच आले. ते दारात आले तेव्हा परसातून धप, धप, धप असा ठेका ऐकू येत होता. नाना "बसा, बसा" म्हणेपर्यंत आबा आवाजाच्या मागावर थेट परसात गेले.

तिथे कापसाच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती. साल काढलेली वांगी लाकडी बडजीत घालून बुधाभाऊ मुसळीनं ठेचत होता, बनियनवर, घामानं चमकत. मुसळी वर गेली की अक्काचा हात आत जाई, गर उलटवी आणि मुसळी खाली यायच्या आत बाहेर येई. बुधाभाऊच्या देशात कंद आणि केळी अशीच दोघांनी मिळून कुटतात, एकानं ठेचायचं, एकानं उलटायचं. ज्याच्या हातावर आपल्या मुसळीचा भरवसा नाही त्याच्याबरोबर कुटायला बसू नये, असं त्याच्याकडे म्हणतात म्हणे. आबा ते पाहत उभेच राहिले. टोपी काढून त्यांनी बगलेत मारली.

जेवणं झाली. कळण्याची भाकरी, पुऱ्या, हिरव्या मिरचीचं भरीत, कांद्याची पात. आबांनी तीनदा भरीत घेतलं. मुलगा ताईकडे चोरून पाहत होता आणि ताई ठसका लागल्याचं सोंग करत होती, तेव्हा त्या बाजूची मला काळजी नव्हती. मग नानांच्या उजळणीची वेळ आली. "वर चला आबा, थोडं पडा. आमच्या पाहुण्यांचं घराणं दाखवतो." सगळे जिना चढले. नानांनी भिंतीपुढे उभं राहून कोर्टात पुकारा करावा तशा आवाजात सुरुवात केली. हे यांचे मामा, जगज्जेते. या आत्या, न्यायमूर्ती. हे थोरले काका, जगाच्या कचेरीत. ही चुलतबहीण, विमान चालवते. बुधाभाऊ सदरा घालून नुकताच वर आला होता. तो ऐकत होता आणि त्याच्या भुवया दर नात्याला थोड्या वर चढत होत्या.

आबांनी पलंगावर बसून सगळं ऐकून घेतलं आणि मग सरळ बुधाभाऊलाच विचारलं, "भाऊ, ह्या बठ्ठा तुना घरना शेतस का?"

"नही, आबा," बुधाभाऊ म्हणाला. "ह्या मना देशना मोठला लोके शेतस. मनी सख्खी हाईच एक." आणि त्यानं उशाकडचा तो छोटा फोटो टाचणीसकट काढून आबांच्या हातात दिला. "मनी माय. टमाटा इकस."

नाना भिंतीकडे बोट केलेल्या अवस्थेत तसेच राहिले. मुलाची आई माझ्या आईकडे पाहत होती. आबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "टमाटा इकस? कोठे?"

"बजारमा."

बाकीचं त्याला अहिराणीत साधेना, म्हणून तो मला इंग्रजीत सांगू लागला आणि मी आबांना सांगू लागले. त्याच्या गावच्या बाजारात टमाट्याची राणी असते, कंदांची राणी असते, मासळीची असते. राणीनं पाहिल्याशिवाय ट्रकमधला माल उतरत नाही. भाव ती ठरवते, भांडण ती मिटवते, एखादी बाई आजारी पडली तर तिचं दुकान राणी चालवते, आणि राणी गेली की त्या दिवशी सगळा बाजार बंद राहतो. गादीवर बसवताना तिला एका लाकडी बैठकीवर तीनदा टेकवून उठवतात आणि मग बसवतात. डोक्यावर छत्री धरायला माणूस असतो. तिला लोक नाना म्हणतात. भिंतीवरच्या थोर माणसांपैकी दोघं-तिघं तिच्याकडचे टमाटे खाऊन मोठे झालेत, आणि मीही.

आबांनी फोटो मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मनी माय दूध इके. धुळामा, दारोदार. मना बाप सांगे, लोकेस्ले सांगू नको." त्यांनी नाक शिंकरलं आणि आवाज बदलून नानांना विचारलं, "आनि हाई भरीतना वांगा कोठेन आनात? असा वांगा माले आते कोठे भेटत नहीत."

आमच्या शेतातली, एवढं म्हणून नानांना सुटता आलं असतं. खोटंही झालं नसतं. जिन्याच्या वरच्या पायरीवर अक्का पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, आत यावं की नाही अशी. नानांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचं बोट अजूनही न्यायाधीश बाईकडे होतं. ते त्यांनी खाली घेतलं.

"अक्काना शेतस," नाना म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून अहिराणी मी पहिल्यांदा ऐकली. "मनी बहीण. बजारमा बठस. मीच बंद कया. तुम्ही येवाना व्हतात म्हनीसन."

अक्काच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी पायरीवर सांडलं. आबा एकदा तिच्याकडे, एकदा नानांकडे पाहत राहिले आणि मग असे हसले की भिंतीवरच्या काचा थरथरल्या. "कोरटना माणूस खरं बोली गया!" ते सुनेला म्हणाले. "आते लगीन करनंच पडी." मला तिथेच नाचावंसं वाटलं. मी आईच्या गळ्यात पडले, खाली पळत गेले, ताईला चिमटा काढला आणि देवापुढची साखर सगळी खाऊन टाकली. नानांचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता आणि त्यांनी पुढे हेडक्लार्क होऊनही तेवढा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसकट सगळे बाजारात. बुधाभाऊनं देवघरातला चौरंग डोक्यावर घेतला होता. अक्काची जागा शेजारणींनी कोणाला घेऊ दिली नव्हती, टोपल्या पसरून अडवून ठेवली होती. बुधाभाऊनं आणि आबांनी अक्काला दोन्ही दंडांना धरलं, चौरंगावर टेकवलं आणि उठवलं, पुन्हा टेकवलं आणि उठवलं. "अरे, पाडशात रे माले," अक्का ओरडली, आणि तिचा तो जुना खणखणीत आवाज सराफ गल्लीपर्यंत गेला. तिसऱ्यांदा बसवलं. भाजीवाल्या बाया हसून हसून एकमेकींवर पडत होत्या आणि एकीनं कोथिंबिरीची जुडी अक्काच्या अंबाड्यात खोचली. बुधाभाऊनं कॅमेरा काढला आणि मग थांबला. राणीवर छत्री धरायला माणूस हवा, म्हणाला. नाना पुढे झाले. कोर्टात जायचा इस्त्रीचा सदरा घालून, भर बाजारात, ओळखीचे दोन वकील पिशव्या घेऊन उभे असताना, त्यांनी बहिणीच्या डोक्यावर छत्री धरली.

ताईचं लग्न झालं. धुळ्याला आठवड्याला वांग्यांची टोपली जायची असा करार झाला आणि अक्कानं तो शेवटपर्यंत पाळला. संक्रांतीनंतर बुधाभाऊ गेला. स्टँडवर अक्का त्याला म्हणाली, मायले सांग, जळगावनी नाना इचारत व्हती. मधली बरीच वर्षं काही खबर नव्हती. मग अलीकडे, मुलांच्या या फोनवरच्या करामतींतून, त्यानंच मला शोधून काढलं. केस पांढरे झालेत, हसणं तेच. फोनवर मी त्याला अक्का गेल्याचं सांगितलं. फोन ठेवण्याआधी तो एवढंच म्हणाला, "बठ्ठा बजार बंद व्हता ना त्या दिनले?" होता, मी म्हटलं.

परवा त्यानं व्हिडिओवर घर दाखवलं. भिंत लांबलचक आहे आता. मुष्टियोद्धा, गवई, न्यायाधीश बाई, नवे कोणी शास्त्रज्ञ, नवी कोणी धावणारी मुलगी. मधोमध त्याची आई, मढवलेली. आणि तिच्या शेजारी चौरंगावर बसलेली, केसांत कोथिंबीर खोचलेली, तोंड उघडं ठेवून ओरडणारी आमची अक्का. तिच्या चौकटीला झेंडूचा हार होता. तिकडे हार घालत नाहीत, मला माहीत आहे. त्या अख्ख्या भिंतीवर तेवढा एकच हार होता.

त्याची नात मध्येच फोनसमोर आली. फोटोत छत्री दिसते, छत्रीचा दांडा दिसतो आणि दांड्यावरचा हात दिसतो, माणूस चौकटीच्या बाहेर राहिला आहे. तिनं त्या हातावर बोट ठेवून विचारलं, हे कोण?

"नाना," मी म्हटलं. तिनं त्या हाताला कमरेत वाकून नमस्कार केला.